मशीन घरघरायला लागलं तर? बेअरिंग ओळखा, वेळेत बदला

मैत्रिणींनो, होळी झाली की आपल्याकडे वाळवणाची आणि मसाल्याची घाई सुरू होते. मिरची वाळली, धणे भाजून झाले, की पिशव्या घेऊन बाया मशीनपुढे रांग लावतात. ज्या गटांनी कर्ज काढून मसाल्याचा पल्व्हरायझर घेतला आहे, त्यांची वर्षातली मोठी कमाई याच दोन-तीन महिन्यांत होते. आणि नेमकं याच वेळी मशीन बसलं, तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. एकदा गेलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येईलच असं नाही. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतोच.

मशीन एकाएकी बसलं, असं आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा ते एकाएकी बसलेलं नसतं. आधी बरेच दिवस ते आवाज करून सांगत असतं, तापून सांगत असतं. सांगणारा भाग असतो बेअरिंग. हा भाग काही शे रुपयांत मिळतो. तो वेळेत बदलला तर काम अर्ध्या-एका दिवसाचं. नाही बदलला तर शाफ्ट खराब होतो, मोटर जळू शकते आणि खर्च हजारांत जातो. म्हणून या अंकात बेअरिंगविषयी सविस्तर बोलू. प्रत्येकीने हातात पाना घेतलाच पाहिजे असं नाही. पण मिस्त्री काय करतोय, बरोबर करतोय का, हे आपल्याला कळलंच पाहिजे. मशीन आपलं आहे, कर्ज आपल्या नावावर आहे.

बेअरिंग म्हणजे काय?

जातं आठवा. खालची तळी जागेवर, वरची तळी मधल्या मेखेभोवती फिरते. बैलगाडीचं चाक आसाभोवती फिरतं, आणि आसाला वंगण नसलं की गाडी करकरते. जिथे एक वस्तू दुसरीभोवती फिरते तिथे घासणं आलं, आणि घासलं की झीज आणि उष्णता आली. हे घासणं कमी करायचं काम बेअरिंग करतं.

एक लहान बांगडी आणि एक मोठी बांगडी घ्या, लहान बांगडी मोठीच्या आत ठेवा आणि दोघींच्या मधल्या जागेत गोल छर्रे भरा. झालं बेअरिंग. आतली कडी शाफ्टवर घट्ट बसते आणि शाफ्टबरोबर फिरते. बाहेरची कडी मशीनच्या घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये, बसते आणि स्थिर राहते. मधले छर्रे घरंगळतात. ते एकमेकांना घासू नयेत म्हणून त्यांना एका पातळ पिंजऱ्यात बसवलेलं असतं. वंगण म्हणून आत ग्रीस असतं.

आता हिशेब करून बघा. मोटरच्या पट्टीवर १४४० आरपीएम लिहिलं असेल तर ती मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. चार तास मशीन चाललं तर मोटरच्या बेअरिंगने जवळपास साडेतीन लाख फेरे मारले. पल्व्हरायझरची पुली लहान असेल तर त्याचा शाफ्ट मोटरपेक्षाही जास्त फिरतो. एवढं काम करणाऱ्या वस्तूत मिरचीची बारीक पूड शिरली किंवा ग्रीस सुकलं, तर ती किती दिवस टिकणार?

पट्ट्यावर चालणाऱ्या पल्व्हरायझरमध्ये साधारणपणे शाफ्टला दोन बेअरिंग असतात. शाफ्टच्या एका टोकाला पुली असते, दुसऱ्या टोकाला दळणाऱ्या हातोड्या, म्हणजे बीटर. मोटरमध्ये आणखी दोन बेअरिंग असतात. घरघंटीमध्ये बऱ्याचदा वेगळा शाफ्ट नसतो, बीटर थेट मोटरच्याच शाफ्टवर बसवलेले असतात. तिथे मोटरचं पुढचं बेअरिंग दळणाच्या पुडीच्या अगदी शेजारी असतं, म्हणून तेच आधी जातं.

मशीन काय सांगतं?

रोज मशीन सुरू केल्यावर माल टाकायच्या आधी एक मिनिट ते रिकामं चालू द्या आणि ऐका. रोज ऐकणाऱ्या बाईला फरक लगेच कळतो. ही लक्षणं बघा.

एक, आवाज. चांगल्या बेअरिंगचा आवाज एकसारखा, मऊ असतो. किर्र किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर ग्रीस संपत आलं असेल. घरघर किंवा खडखड आली तर छर्रे आणि कड्या झिजल्या आहेत असं समजा.

दोन, उष्णता. तासभर चालल्यावर मशीन बंद करा, पूर्ण थांबू द्या, मग बेअरिंगच्या घराला बाहेरून हात लावा. कोमट असणं ठीक आहे. हात ठेवताच येत नसेल तर काहीतरी बिघडलं आहे.

तीन, थरथर. मशीन पूर्वीपेक्षा जास्त हादरतं, नट-बोल्ट वारंवार ढिले होतात, पट्टा नाचतो.

चार, थांबण्याची वेळ. बटण बंद केल्यावर मशीन पूर्वी हळूहळू थांबायचं, आता खरखरत पटकन थांबतं.

पाच, ग्रीस. बेअरिंगच्या बाजूने काळं, पातळ झालेलं ग्रीस किंवा तांबूस गंज बाहेर येतो.

मात्र आवाज आला म्हणजे बेअरिंगच गेलं, असा निकाल लगेच देऊ नका. बीटर जाळीला घासत असेल, पुलीचा स्क्रू ढिला असेल, पायाचे बोल्ट सैल असतील, मालातून खडा आत गेला असेल, तरीही आवाज येतो. खात्री करायची असेल तर वीज पूर्ण बंद करून पट्टा काढा. मग पल्व्हरायझरची पुली हाताने सावकाश फिरवा. ती गुळगुळीत फिरते की खडबडीत लागते, मध्येच अडकते का, ते बघा. नंतर पुली धरून वर-खाली हलवा. हाताला खुळखुळ जाणवली तर बेअरिंग झिजलंय किंवा शाफ्टवर सैल झालंय. मोटरची पुलीही अशीच तपासा, म्हणजे आवाज मोटरचा की मशीनचा हे कळेल.

आधी जीव, मग मशीन

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. मशीन उघडण्याआधी मेन स्विच खाली पाडा, फ्यूज काढून आपल्याजवळ ठेवा किंवा प्लग उपसून ठेवा. स्विचवर ‘दुरुस्ती चालू आहे, बटण दाबू नये’ असा कागद लावा.

खेड्यात लाईट जाते-येते. लाईट गेली आहे म्हणून मशीनमध्ये हात घालणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. लाईट सांगून येत नाही. स्विच चालू राहिला असेल तर लाईट येताच मशीन फिरेल आणि हात आत असेल. तुमच्या गटात हा नियम करा: लाईट असो वा नसो, स्विच बंद केल्याशिवाय कोणीही आत हात घालायचा नाही.

पदर खोचा, ओढणी काढून ठेवा किंवा घट्ट बांधा, केस बांधा. हातातल्या बांगड्या आणि गळ्यातलं सैल काही असेल तर तेही सांभाळा. पट्ट्याची जाळी, म्हणजे गार्ड, काढला असेल तर काम झाल्यावर तो परत बसवल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही.

आणखी एक. दळणाच्या खोलीत हवेत पीठ उडत असताना वेल्डिंग किंवा ग्राइंडरचं काम करू देऊ नका. हवेत दाट पसरलेलं बारीक पीठ ठिणगीने पेट घेऊ शकतं. असं काम असेल तर भाग बाहेर अंगणात न्या.

नंबर वाचायला शिका

दुकानात जाऊन ‘पल्व्हरायझरचं बेअरिंग द्या’ म्हटलं तर दुकानदार विचारणार, नंबर काय? हा नंबर बेअरिंगच्या कडीवर इंग्रजी आकड्यांत कोरलेला असतो. तो वाचणं अवघड नाही.

समजा नंबर आहे ६२०५. पहिले दोन आकडे बेअरिंगचा प्रकार आणि घडण सांगतात. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचं माप सांगतात. त्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं. ०५ गुणिले ५, म्हणजे २५ मिलीमीटर. म्हणजे हे बेअरिंग २५ मिलीमीटर जाडीच्या शाफ्टवर बसतं. हा नियम ०४ पासून पुढे चालतो. ६२०४ म्हणजे २० मिलीमीटर, ६२०६ म्हणजे ३० मिलीमीटर. ६२०३ ला मात्र हा नियम लागत नाही, त्याचं भोक १७ मिलीमीटरचं असतं. ६२०२ चं १५ मिलीमीटर.

पूर्ण माप असं असतं:

६२०४: आतून २०, बाहेरून ४७, जाडी १४ मिलीमीटर
६२०५: आतून २५, बाहेरून ५२, जाडी १५ मिलीमीटर
६२०६: आतून ३०, बाहेरून ६२, जाडी १६ मिलीमीटर

आता नंबरच्या पुढची अक्षरं बघा. झेडझेड किंवा टू-झेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण आहे. टू-आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं सील आहे. रबराचं सील कडीला टेकलेलं असतं, त्यामुळे धूळ, पूड जास्त चांगली अडवतं. मसाल्याच्या मशीनला म्हणूनच टू-आरएस बऱ्याचदा सोयीचं पडतं. सी-३ लिहिलं असेल तर छर्ऱ्यांना आत थोडी जास्त मोकळीक ठेवलेली आहे. मशीन बनवणाऱ्याने सी-३ घातलं असेल तर बदलतानाही सी-३ घ्यावं.

काही मशीनला बेअरिंग बाहेर, लोखंडी बैठकीसकट बोल्टने बसवलेलं असतं. त्यावर यूसीपी २०५ असा नंबर असतो. इथेही शेवटचं ०५ म्हणजे २५ मिलीमीटरचा शाफ्ट. हे बेअरिंग शाफ्टवर दोन बारीक स्क्रूंनी आवळलेलं असतं आणि त्याला ग्रीस भरायची निप्पल असते. बदलायला हा प्रकार सोपा.

खरेदी करताना जुनं बेअरिंग सोबत न्या, नंबर जुळवा आणि पक्कं बिल घ्या. बाजारात नावाजलेल्या कंपन्यांच्या नावाने नकली बेअरिंगही विकली जातात. भाव फारच कमी सांगितला, खोक्यावरची छपाई पुसट असली, कडीवर नंबर नीट कोरलेला नसला तर घेऊ नका. शक्य असेल तर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. दोन्ही बेअरिंग एकदम घ्या. एक झिजलं तेव्हा दुसऱ्यानेही तेवढेच फेरे मारलेले असतात. मशीन एकदा खोललंच आहे तर पुन्हा महिन्याभराने खोलायची वेळ कशाला आणायची? बेअरिंगशेजारी ऑइल सील असेल तर तेही नवीन टाका. पूड आत शिरते ती बहुतेक वेळा फाटक्या सीलमधूनच.

बदलायचं काम पायरीपायरीने

पहिल्यांदा हे काम जाणत्या मिस्त्रीकडून करून घ्या आणि गटातल्या दोघी-तिघी शेजारी बसून बघा. मोटरचं बेअरिंग असेल तर ते वाइंडिंग करणाऱ्याकडेच द्यावं, कारण आत तांब्याच्या तारा असतात आणि धक्का लागला तर मोटरच जाते. पल्व्हरायझरच्या शाफ्टचं काम मात्र समजून घेण्यासारखं आहे.

१. वीज तोडली की खोलण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक भाग निघेल तसा पुन्हा फोटो. जोडताना हेच फोटो कामाला येतात. नट, वॉशर, चाव्या एका ताटात क्रमाने मांडा.

२. पट्टा सैल करून काढा. पुली ओढायची तर पुलर नावाचं साधन लागतं. पुलीमागे पहार घालून उचकटली तर पुली तडकते, शाफ्ट वाकतो. पुली आणि शाफ्टच्या खाचेत एक चौकोनी चावी असते, ती हरवू नका.

३. दळणाच्या बाजूचं झाकण आणि जाळी काढा. बीटर काढताना कोणता कुठे होता यावर खडूने खूण करा. बीटरच्या वजनात फरक पडला तर शाफ्ट हादरतो आणि नवीन बेअरिंगही लवकर जातं. एक बीटर बदलायचा असेल तर समोरासमोरची जोडी बदला. काही मशीनवर मधला नट उलट्या आट्यांचा असतो. सुटत नसेल तर जोर लावण्याआधी आटे कोणत्या बाजूचे आहेत ते बघा.

४. शाफ्ट बाहेर काढून जुनी बेअरिंग पुलरने ओढा. बेअरिंग अडवून ठेवणारी पातळ सर्क्लिप असेल तर ती आधी काढा. ती उडून डोळ्याला लागू शकते, तोंड बाजूला ठेवा.

५. शाफ्ट आणि घर कापडाने स्वच्छ पुसा. बेअरिंग बसायची जागा बोटाने चाचपा. तिथे चकचकीत घसरल्याच्या खुणा असतील तर आतली कडी शाफ्टवर फिरत होती आणि शाफ्ट तेवढा झिजला आहे. मिस्त्रीला व्हर्निअरने माप घ्यायला सांगा. नवीन बेअरिंग हाताने सहज सरकून बसत असेल आणि खुळखुळत असेल तर ते टिकणार नाही. अशा वेळी शाफ्टवर ठोके मारून खड्डे पाडणं, मधे पत्र्याची पट्टी घालणं असे जुगाड केले जातात. ते चार दिवस चालतात. पक्का उपाय म्हणजे लेथवर शाफ्ट दुरुस्त करून घेणं किंवा नवीन शाफ्ट टाकणं.

६. नवीन बेअरिंग बसवायच्या क्षणापर्यंत खोक्यातून बाहेर काढू नका. मिरचीच्या हाताने धरू नका, रॉकेलने धुऊ नका. सीलबंद बेअरिंगमध्ये कारखान्यातच योग्य ग्रीस भरलेलं असतं.

७. आता सगळ्यात महत्त्वाची पायरी. बेअरिंग शाफ्टवर बसवताना जोर फक्त आतल्या कडीवर द्यायचा. घरात बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर. असं का? शाफ्टवर घट्ट बसते ती आतली कडी. तुम्ही बाहेरच्या कडीवर हातोडी मारली तर तो सगळा मार छर्ऱ्यांमधून आतल्या कडीला जातो, आणि गुळगुळीत वाटेवर बारीक खड्डे पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, पण पहिल्या आठवड्यातच घरघर सुरू होते. मग आपण म्हणतो, बेअरिंगच डुप्लिकेट निघालं. म्हणून आतल्या कडीएवढ्या रुंदीचा पाइपचा तुकडा घ्यायचा, तो कडीवर सरळ टेकवायचा आणि त्यावर हलके ठोके द्यायचे किंवा प्रेसवर दाबून बसवायचं. बेअरिंग तिरकं जाऊ द्यायचं नाही.

काही मिस्त्री बेअरिंगला गॅसची ज्योत लावतात. तापवलं की कडी फुगते आणि सहज बसते, हे खरं. पण ज्योतीने कडीची कडकपणाची धार जाते, आत भरलेलं ग्रीस जळतं, रबराचं सील करपतं. सीलबंद बेअरिंगला ज्योत लावू देऊ नका.

८. जोडून झाल्यावर पट्टा चढवण्याआधी शाफ्ट हाताने फिरवा. गुळगुळीत फिरला पाहिजे, बीटर जाळीला लागता कामा नये.

९. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून बघा. दोरी दोन्ही पुलींच्या कडांना सरळ टेकली पाहिजे. मग पट्टा ताणा. पट्टा फार ताणला की बेअरिंगवर सतत ओढ बसते, सैल राहिला की घसरून तापतो. दोन पुलींमधलं अंतर अर्धा मीटर असेल तर पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर दबावा.

१०. मोटरच्या तारा सोडल्या असतील तर फिरण्याची दिशा तपासा. थ्री-फेज मोटरमध्ये दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते. मशीनवर बाण असतो, त्याप्रमाणेच फिरलं पाहिजे.

११. गार्ड बसवा. दहा मिनिटं रिकामं चालवा, बंद करून हात लावून बघा. नवीन बेअरिंग सुरुवातीला थोडं जास्त कोमट लागू शकतं, पण चटका बसता कामा नये.

१२. शेवटी एक-दोन किलो साधे गहू किंवा तांदूळ दळून आतली घाण काढा. हे पीठ फेकून द्या. जनावरांनाही घालू नका, त्यात लोखंडाचे बारीक कण असू शकतात. नंतरच्या दळणात एक चुंबक फिरवून बघा. त्याला काही चिकटलं नाही तरच गिऱ्हाइकाचा माल घ्या.

ही शेवटची गोष्ट हलकी समजू नका. पूर्ण झिजलेलं बेअरिंग शाफ्टला डगमगू देतं, बीटर जाळीला घासतो आणि लोखंडाचा कीस मसाल्यात जातो. आपल्या गटाचं नाव त्या पाकिटावर असतं.

जुनं बेअरिंग भंगारात टाकण्याआधी

ते एकदा नीट बघा. ते का गेलं हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

आत पिठाचा किंवा मसाल्याचा घट्ट लगदा दिसला तर सील फाटलं होतं. तांबूस गंज दिसला तर पाणी गेलं. मशीन पाइप लावून किंवा बादलीने धूत असाल तर ते बंद करा, ब्रश आणि कोरड्या फडक्याने साफ करा. कड्या निळ्या-काळ्या पडल्या असतील तर ग्रीस संपलं होतं आणि बेअरिंग खूप तापलं होतं. झीज कडीच्या एकाच बाजूला जास्त असेल तर पट्टा फार ताणलेला होता किंवा पुली रेषेत नव्हत्या. कारण दूर केलं नाही तर नवीन बेअरिंगचीही तीच गत होणार.

पायाकडेही बघा. मशीनखालची जमीन खचली, एक पाय अधांतरी राहिला, तर शाफ्टवर ताण येतो. ही तक्रार जुनी आहे. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरात एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचे अभियंते काम करत. गिरणीखालची जमीन चिकणमातीची होती. जमीन सरकली की लांब शाफ्ट रेषेतून हटायचे आणि बेअरिंग पुन्हा पुन्हा जायची. त्यावर उपाय शोधताना त्यांनी १९०७ साली थोडं तिरकं झालं तरी चालणारं, स्वतःला सावरून घेणारं बेअरिंग तयार केलं. त्यातूनच एसकेएफ ही कंपनी उभी राहिली. आपल्या पल्व्हरायझरमधलं साधं ६२०५ मात्र तेवढं सावरून घेत नाही. म्हणून आपणच मशीन सिमेंटच्या ओट्यावर सपाट बसवायचं आणि बोल्ट घट्ट ठेवायचे.

ग्रीसबद्दल दोन शब्द. सीलबंद बेअरिंगला वरून ग्रीस भरायचं नसतं. निप्पल असेल तरच भरायचं, आणि तेही बेताने. घर गच्च भरलं तर ग्रीस आतल्या आत ढवळून तापतं. साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी जागा भरली की पुरे. वेगवेगळ्या प्रकारचं ग्रीस एकमेकांत मिसळू नका. खायचं तेल तर कधीच घालू नका, ते सुकून चिकट होतं आणि पूड धरून ठेवतं. खाद्यपदार्थांच्या मशीनसाठी फूड ग्रेड ग्रीस मिळतं, त्याच्या डब्यावर एच-१ असा उल्लेख असतो. मसाला पाकिटं भरून विकणाऱ्या गटांनी तेच वापरावं.

हिशेब मांडून बघा

समजा मोसमात तुमच्या मशीनवर रोज ४० किलो मसाला दळला जातो आणि किलोमागे २० रुपये मिळतात. रोजचे ८०० रुपये झाले. मशीन आठ दिवस बंद राहिलं तर ६,४०० रुपये बुडाले. त्यात नवीन शाफ्ट, लेथचं काम, तालुक्याला मारलेल्या फेऱ्या वेगळ्या. आता तुमच्या गटाचे खरे आकडे घालून हाच हिशेब बैठकीत मांडा. दोन बेअरिंग आणि एक पट्टा आधीच आणून कपाटात ठेवणं किती स्वस्त पडतं, ते सगळ्यांच्या लक्षात येईल. बेअरिंग कोरड्या जागी, मूळ वेष्टनातच ठेवा.

मोसम सुरू व्हायच्या आधी, माघ-फाल्गुनात, मशीन एकदा खोलून तपासून घ्या. त्या वेळी मिस्त्रीही मोकळा असतो आणि घाईत ठोकाठोक होत नाही. मिस्त्री आला की त्याला हे पाच प्रश्न विचारायला लाजू नका: नवीन बेअरिंगचा नंबर काय? जुन्याचा तोच होता का? शाफ्टचं माप घेतलं का? सील बदललं का? जुनं बेअरिंग कुठे आहे, आम्हाला द्या. चांगला मिस्त्री अशा प्रश्नांनी रागावत नाही.

आणि एक काम याच महिन्यात करा. बचतीचं रजिस्टर असतं तशी एक ‘मशीन वही’ सुरू करा. पहिल्या पानावर मोटरची ताकद, आरपीएम, पट्ट्याचा नंबर आणि बेअरिंगचे नंबर लिहा. पुढे तारीख, मशीन किती तास चाललं, आवाज कसा होता, काय बदललं, किती खर्च आला, हे लिहीत जा. आज जी ताई मशीन चालवते तिच्या एकटीच्या डोक्यात ही माहिती राहिली, तर ती माहेरी गेली की गट अडतो. वहीत असेल तर गटातल्या कुणालाही दुकानात जाऊन योग्य बेअरिंग आणता येईल.

येत्या बैठकीत बचत गोळा झाली की सगळ्याजणी उठून मशीनपाशी जा. एकीने मशीन एक मिनिट रिकामं चालवावं, बाकीच्यांनी शांतपणे ऐकावं. आज ते कसं वाजतंय, ते वहीच्या पहिल्या ओळीत तारखेसह लिहून ठेवा.